प्रिंटवर पांढऱ्या रेघा? क्लीनिंगचं बटण लगेच दाबू नका

फोटोवर आडव्या रेघा, एखादा रंगच गायब, काळा फिकट. असा इंकजेट प्रिंटर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात नेला की ‘हेड गेलंय’ (हेड म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग) हे उत्तर बऱ्याचदा तयारच असतं. त्याआधी घरी एवढं बघा.

पहिला संशय कागदावर घ्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटातला कागदही ओल धरतो, मग शाई पसरते आणि अक्षरांच्या कडा फुटतात. नवी रीम फोडा, कागदाचा प्रकार नीट निवडा, कमी शाईत घाईनं छापणारा ड्राफ्ट मोड काढा.

मग प्रिंटरच्या मेनूतून नोझल चेक छापा, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांतून (नोझल) शाई नीट येते का ते दाखवणारा नमुना. नमुना अखंड आला तर हेड चोंदलेलं नाही. मेनूतूनच अलाइनमेंट करा, म्हणजे हेडची जुळणी, काम झालं.

तुटक आला तर हेड क्लीनिंग. आणि इथंच माती होते. ‘दाबत राहा, सुटेल’ हा सल्ला देणारा स्वतःच्या पैशानं शाई भरत नसावा. क्लीनिंगमध्ये पंप नोझलमधून शाई ओढतो आणि ती प्रिंटरच्या तळातल्या वेस्ट पॅडमध्ये जाते. पॅड भरलं की प्रिंटर छापायचंच थांबवतो. म्हणून एकदा क्लीनिंग, लगेच नोझल चेक, आणि जुनं-नवं पान शेजारी ठेवून निरखा. फटी कमी झाल्या तर आणखी एकदा करा. फटी त्याच जागी राहिल्या तर बहुधा शाई वाळलीय. दर वेळी जागा बदलत असतील तर बहुधा हवा शिरलीय. तिथं क्लीनिंगचा मारा करून उपयोग नाही, प्रिंटर रात्रभर तसाच ठेवा. मला हा फरक कळायला फार वेळ लागला, कारण कोणी सांगतच नाही. टाकीवाल्या प्रिंटरमधलं पॉवर क्लीनिंग, म्हणजे खूप जास्त शाई ओढणारं क्लीनिंग, अगदी शेवटी, आणि शाईच्या टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या असतील तरच. नाहीतर उलट हवाच ओढली जाते.

छोट्या कार्ट्रिजच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजवरच असतं. कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर ते मिनिटभर टेकवा. घासू नका. सॅनिटायझर तर लांबच ठेवा.

प्रिंटर त्याच्याच बटणानं बंद करा, बोर्डावरून नाही. तेव्हा हेड नीट रबरी टोपीखाली जाऊन बसतं. आठवड्याला एक रंगीत पान काढा.

एवढं करूनही फटी जागच्या जागी असतील तर खुशाल दुकान गाठा. नोझल चेकची सगळी पानं बरोबर न्या, आणि टाकीवाला प्रिंटर रिक्षात आडवा ठेवू नका, शाई सांडते.