वाइन चाखायला ताटाची डावी बाजू पुरे

भाऊबीज झाली, पाहुणे पांगले, डब्यांच्या तळाशी थोड्या चकल्या आणि शंकरपाळी उरली, की पुढचा मोकळा शनिवार घरच्या घरी वाइन चाखण्यासाठी राखून ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हा बेत नको. कित्येक घरांत सणाच्या दिवशी बाटली चालत नाही, आणि स्वयंपाकघरात तेव्हा कोणाला उसंतही नसते.

वाइनबद्दल बोलताना लोक ‘ओल्या मातीचा गंध’, ‘काळ्या बेरीची छटा’ वगैरे म्हणू लागले की मी गप्प बसतो. मला निम्मे वास येत नाहीत. पण गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे सहा रस आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत, आणि त्यांचा संच पानाच्या डाव्या बाजूला वाढलेलाच असतो. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं. वाइन कोणत्या पदार्थाबरोबर जमेल हे मसाल्याच्या नावावरून कमी आणि या रसांवरून जास्त ठरतं.

बाटल्या आणताना

सहा जणांना तीन बाटल्या भरपूर झाल्या. 750 मिलीच्या बाटलीतून 60 मिलीचे बारा घोट निघतात, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक वाइन दोनदा मिळते. एक सॉव्हिन्यॉन ब्लाँ, एक किंचित गोडसर शेनिन ब्लाँ (या दोन्ही पांढऱ्या) आणि एक शिराझ (ही रेड) घ्या. ही द्राक्षांच्या जातींची नावं, बाटलीवर लिहिलेली असतात. पहिल्या दोन जाती नाशिककडे चांगल्या रुळल्या आहेत. नाशिकच्या सुला या वाइन कंपनीने 2000 साली पहिल्यांदा वाइन बाजारात आणल्या त्या याच दोन द्राक्षांच्या होत्या. महागड्या बाटलीच्या मागे लागू नका. झणझणीत जेवणापुढे तिचे बारकावे हरवतात. महाराष्ट्रात वाइनसाठी वय 21 पूर्ण हवं, तेव्हा कॉलेजातल्या भाच्याला कोकम सरबत द्या.

पांढऱ्या वाइनच्या बाटलीवरचं साल वाचा. आपल्याकडे वेलींची दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि पाऊस सरताना फळछाटणी, जिला बागाईतदार ऑक्टोबर छाटणी म्हणतात. वाइनची द्राक्षं त्यानंतर साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. म्हणजे तुम्ही चकल्या तळत असता तेव्हा दिंडोरीकडचा शेतकरी नुकत्याच छाटलेल्या बागेत राबत असतो, आणि दुकानात याच सालाची पांढरी वाइन मिळाली तर ती जेमतेम सात-आठ महिन्यांची असते. तीच घ्या, या वाइन ताज्या असतानाच छान लागतात. काचेच्या कपाटात उन्हात उभी असलेली बाटली मात्र फुकट मिळाली तरी नको.

गार करणं

बहुतेक बेत इथेच फसतात. पांढरी वाइन 8 ते 12 अंशांवर हवी, त्यासाठी फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवा. विसरलात तर पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून त्यात बाटली बुडवा. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हे वाक्य थंड देशांतल्या घरांसाठी आहे. आपल्या 28-30 अंशांच्या दिवाणखान्यात तिच्यातलं अल्कोहोल नाकात जातं. तिलाही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

पहिली फेरी: मीठ, लिंबू, मिरची, गूळ

जेवणाआधी प्रत्येकाला एक बशी द्या. तिच्यात चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, लाल तिखटाचं बोट आणि गुळाचा खडा ठेवा. ग्लास एक तृतीयांशाहून जास्त भरू नका, वास साठायला जागा लागते. आधी नुसती वाइन घोटभर तोंडात घोळवा. मग जिभेवर लिंबू टेकवून तीच वाइन पुन्हा घ्या. मघाशी आंबट वाटलेली सॉव्हिन्यॉन आता मऊ लागेल. मिठानंतरही ती सौम्य होते. खारट चिवड्याबरोबर आंबटसर पांढरी वाइन जमते ती यामुळेच.

गुळानंतर नेमकं उलटं होतं. वाइन पातळ आणि जास्तच आंबट वाटते. आता तिखटाचं बोट चाटून शिराझ घ्या. तोंड पेटेल! अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, आणि रेड वाइनचा सुपारीसारखा तुरटपणा तिखटानंतर अधिकच बोचतो. मी पहिल्यांदा लोकांना बोलावलं तेव्हा हे माहीत नव्हतं. हौसेने भाकरी, ठेचा आणि कडक रेड वाइन मांडली. पाहुण्यांनी त्या रात्री सर्वांत जास्त ताक प्यायलं.

गार आणि जराशी गोडसर शेनिन मात्र तिखट निभावून नेते. दोन फेऱ्यांच्या मध्ये पाणी आणि साध्या पोळीचा तुकडा घ्या. ज्यांना गिळायचं नाही त्यांच्यासाठी एक तांब्या ठेवा, त्यात थुंकण्यात कमीपणा नाही.

स्वयंपाक: दोनच पदार्थ

सॉव्हिन्यॉनला हिरवा, गवतासारखा वास असतो, म्हणून तिच्यासोबत कोथिंबीर वडी. मोठी जुडी धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करा, ओली राहिली तर पीठ सैल होऊन वड्या चिकट होतात. चिरून तीन वाट्या कोथिंबिरीला एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, हळद, धने-जिरे पूड, तीळ, आलं-लसूण, मीठ आणि चमचाभर तेल घाला. मिरच्या नेहमीच्या निम्म्या. साखरेची चिमूट आज वगळा, कारण गुळाच्या खड्याने काय केलं ते पाहिलंतच. लागेल तितकंच पाणी शिंपडून गोळा करा, वळकट्या करून 15-20 मिनिटं वाफवा आणि पूर्ण गार झाल्यावरच कापा. वड्या थोड्या तेलावर खरपूस करून गरमच वाढा.

शिराझसाठी गोड्या मसाल्याची भरली वांगी करा. शिराझला मिऱ्यासारखा वास येतो, आणि गोड्या मसाल्यातलं दगडफूल, लवंग, भाजलेलं खोबरं त्याला धरून असतं. दाण्याचं कूट हात सैल ठेवून घाला, स्निग्धतेने तुरटपणा बसतो. गूळ निम्मा, चिंच तेवढीच, आणि लाल तिखट रंगापुरतं. मटण करणाऱ्यांनी तोच हिशेब काळ्या मसाल्याला लावावा. तिखटाशिवाय जेवण घशाखाली न उतरणारा काका प्रत्येक घरात असतो. त्याच्यासाठी ठेचा वेगळ्या वाटीत ठेवा आणि त्याच्या ग्लासात शेनिन ओता.

चकली आणि चिवडा सॉव्हिन्यॉनच्या फेरीतच संपवा.

करंजी, शंकरपाळी

साधा नियम आहे: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. करंजीपुढे तुमच्या तिन्ही बाटल्या आंबट ठरतील. उशिरा तोडलेल्या, अधिक पिकलेल्या द्राक्षांची ‘लेट हार्वेस्ट’ शेनिन मिळाली तर शंकरपाळीबरोबर ती मस्त जमते. नाही मिळाली तर वाइन बाजूला सारा आणि फराळ चहाबरोबर खा. अनारशाचा तर मी वाइनशी मेळ घालतच नाही.

गाडी चालवणाऱ्याला नुसत्या वड्या, किंवा सगळ्यांसाठी रिक्षा. उरलेल्या बाटल्यांना घट्ट बूच लावून त्या उभ्या फ्रिजमध्ये ठेवा, रेडसुद्धा. तीन-चार दिवस टिकतात. सोमवारी रात्री वरण-भातावर लिंबू पिळताना उरलेल्या सॉव्हिन्यॉनचा घोट घेऊन बघा.