सातपुड्याच्या पायथ्याला रुजू होणाऱ्या गुरुजी-बाईंसाठी

मी मूळचा कराडकडचा. 2011 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात शिक्षक म्हणून रुजू झालो आणि इथलाच झालो. बदल्या लागल्या की आमच्याकडच्या पोरांचे फोन येतात, "सर, रूम कुठं बघू?" रूम शहाद्यात मिळते. कूलर घ्या. झालं.

खरी मेख पटावर आहे. सकाळी गावातून व्हॅन निघते, केळी-पपईवाल्यांची पोरं इंग्रजी शाळेत जातात. आपल्या वर्गात उरतात सालदारांची, मजुरांची. मग पारावर दोन्ही शाळांच्या निकालाची तुलना होते. डी.एड.ला कोलमन अहवाल पाठ केला होता: 1966, अमेरिका, शाळेच्या सोयींपेक्षा घरची परिस्थिती आणि सोबतची मुलं जास्त फरक पाडतात. कळला तो इथे. शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) खाजगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी ठेवलेल्या 25 टक्के जागांचा फॉर्म ऑनलाइन असतो आणि पालकाचा असतो अंगठा. तो फॉर्म आपण भरून द्यायचा. पट घटला म्हणून मुख्याध्यापक चिडतील, चिडू द्या.

घरी पावरी नाहीतर भिली, बाजारात अहिराणी, पुस्तकात पुण्याची मराठी. "माले समजत नही" म्हणणाऱ्या पोराला मी "मला म्हण, मला" करत राहिलो. दिवाळीपर्यंत ते पोर वर्गात बोललंच नाही.

आता माझी चूक, ही तरी करू नका. दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापाबरोबर ऊसतोडीला जातो, गुजरातेत बारडोलीकडे नाहीतर आपल्याच कराडकडच्या साखरपट्ट्यात. 2012 ला मी सलग गैरहजेरी बघून नऊ नावं पटावरून कमी केली. होळीला चौथीतली एक मुलगी परत आली. हात पाचटानं चिरलेले, बगलेत तेच जुनं दप्तर. मी म्हणालो, "नाव नाही तुझं, बापाला घेऊन ये." ती दाराशी जरा वेळ थांबली आणि गेली. पुन्हा आली नाही. कायद्यानं दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, हे मी नंतर वाचलं. तेव्हा नाव ठेवा, निघताना हातात शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता येईल, कुठल्या कारखान्याला चाललेत ते वहीत लिहा, मुकादमाचा नंबर घ्या.

आपल्याकडचे काहीजण दहा वर्षं इथे काढूनही "यांना शिकायचंच नसतं" म्हणतात आणि शनिवारी दुपारची गाडी पकडतात. त्यांच्या खोलीवर चहाला जाऊ नका.

आणि होळीच्या आठवड्यात रजा टाकू नका. पोरं तेव्हाच परततात.