आईच्या अंगठ्याला कुलूप कसं लावलं

आईचं पासबुक भरून आणलं तेव्हा दहा-दहा हजारांच्या दोन नोंदी दिसल्या. एटीएम कार्ड तिनं कधी वापरलेलंच नाही. पैसे अंगठ्यावर निघाले होते. एईपीएसमध्ये, म्हणजे आधारवर पैसे काढायच्या सोयीत, बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर रक्कम हातात पडते, ओटीपी लागत नाही. आईला बोटं दहाच, आणि ती दहाही आधारच्या नोंदीत आहेत, दोन्ही बुबुळांसकट. यातलं काहीच बदलून मिळत नाही. म्हणून बँकेत लेखी तक्रार आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन झाल्यावर त्याच संध्याकाळी कुलूप लावलं.

मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा, नसेल तर आधी ते काम करा. मग मायआधारच्या संकेतस्थळावर किंवा एमआधार ॲपमध्ये ओटीपी टाकून आत जा आणि बायोमेट्रिक लॉक करा. ठसा, बुबुळ, चेहरा तिन्ही बंद होतात. ओटीपीवर होणारी कामं चालूच राहतात.

तिथंच ‘आधार लॉक’ असा दुसरा पर्याय दिसेल. नावं सारखी वाटतात, पण यात थेट क्रमांकच बंद होतो. त्याआधी सोळा अंकी व्हर्च्युअल आयडी, म्हणजे आधार क्रमांकाऐवजी चालणारा नंबर, काढावा लागतो आणि कुलूप उघडतानाही तोच लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी मी या वाटेला गेले नाही. तो आयडी हरवला तर त्यांचीच अडचण.

रेशनच्या दिवशी मात्र आठवण ठेवा. पहिल्या महिन्यात मीच विसरले. आईनं तीनदा बोट पुसून मशीनवर ठेवलं, तिन्ही वेळा ३३० हा एरर. ‘माझी रेषाच झिजली गं,’ म्हणाली. रेषा शाबूत होती, कुलूप बंद होतं. आता ती निघाली की मी तात्पुरतं उघडून देते.

झेरॉक्सही आता पूर्ण क्रमांकाची देत नाही. मास्क्ड आधारवर शेवटचे चारच अंक दिसतात, ते डाउनलोड करून ठेवलंय.

आणि महिन्यातून एकदा मायआधारवरची ऑथेंटिकेशन हिस्ट्री उघडा. सहा महिन्यांत आधार कधी, कोणत्या पद्धतीनं तपासलं गेलं ते कळतं. आई शेजारी बसते, मी तारखा वाचते. ‘हं, त्या दिवशी तांदूळ आणला,’ ती सांगते. तिला आठवत नाही अशी नोंद निघाली, तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर फोन.