कूलंट फ्लश करताना या चुका टाळा, नवीन काय ओतलं यापेक्षा आत काय राहिलं ते बघा

कूलंट बदललं आणि तेव्हापासून गाडी जास्तच तापायला लागली, ही तक्रार सारखी ऐकायला मिळते आणि मग लगेच नवीन डब्यावर खापर फुटतं, डुप्लिकेट माल होता, ब्रँडच बेकार आहे वगैरे. बहुतेक वेळा डबा बरोबर असतो. गडबड असते ती आत राहून गेलेल्या गोष्टींची, म्हणजे जुनं कूलंट, फ्लशचं, म्हणजे आतून धुण्याचं, साधं पाणी, क्लीनर किंवा हवा. रेडिएटरखालचा नळ उघडला, धार थांबली, की सगळं निघालं असं वाटतं, पण इंजिन ब्लॉकमधलं आणि हीटर कोअरमधलं (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) तसंच राहतं, बऱ्याच गाड्यांमध्ये तर जवळपास निम्मं. हे एक लक्षात ठेवलं तर खालच्या अर्ध्या चुका होणारच नाहीत.

रंग बघून कूलंट घेणं

आधी हिरवं होतं म्हणून हिरवं आणलं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. कूलंटचा रंग म्हणजे फक्त डाय, तो का घालतात तर लीक पटकन दिसावा आणि पाण्यापासून ओळखू यावं म्हणून. कुठल्या केमिस्ट्रीला कुठला रंग असा सगळ्या कंपन्यांनी पाळलेला नियम नाही. होंडाचं कूलंट निळं आणि बीएमडब्ल्यूचं पण बरीच वर्षं निळंच, पण होंडाच्यात सिलिकेट नसतं आणि बीएमडब्ल्यूचं सिलिकेटवालं. हिरवा रंग जुन्या पद्धतीच्या कूलंटचा पण असतो आणि काही एशियन गाड्यांच्या लाँग लाइफवाल्याचा पण.

खरा फरक आतल्या गंजरोधक केमिकलचा. जुन्या पद्धतीचं, ज्याला आयएटी म्हणतात, त्यात सिलिकेट, फॉस्फेट असली केमिकल असतात, ती धातूवर पटकन थर धरतात पण लवकर संपतात, म्हणून साधारण २ वर्षांत बदलायचं. ओएटीमध्ये ऑरगॅनिक ॲसिड असतात, ती हळू काम करतात पण जिथे गंज सुरू होतोय तिथेच जाऊन बसतात, म्हणून ५ वर्षं किंवा त्याहून जास्त चालतं. एचओएटी म्हणजे दोन्हींचं मिश्रण, आणि तिथेही परत दोन घराणी आहेत. जपानी आणि कोरियन कंपन्या फॉस्फेट वापरतात आणि सिलिकेट टाळतात कारण त्यांना वॉटर पंपच्या सीलची काळजी, युरोपियन कंपन्या उलट फॉस्फेट टाळतात कारण जड पाण्यात त्याचा क्षार जमतो. म्हणून डब्यावर रंग बघू नका, स्पेसिफिकेशन बघा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये नंबर किंवा नाव दिलेलं असतं, फोक्सवॅगनमध्ये जी ११, जी १२, जी १३ असं, दुसऱ्या कंपन्यांचं आपापलं वेगळं, तेच डब्याच्या मागच्या बाजूला शोधायचं. सगळ्या गाड्यांना चालेल असं लिहिलेलं कूलंट अडचणीला टॉपअप म्हणून ठीक, पण पूर्ण फ्लश करून, एवढी मेहनत करून, परत तेच भरण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

दोन जातींचं मिक्स झालं की लगेच जेली होते असं नाही. काही जोड्यांमध्ये चिखल होतो हे खरं, पण जास्त वेळा होतं ते असं की दोन्हींचं गंजरोधक पातळ पडतं, आणि ५ वर्षं चालेल या भरवशावर ठेवलेलं कूलंट त्याच्या निम्म्या वेळातच संपतं, बाहेरून रंग मात्र छान दिसत राहतो. रस्त्यात लेव्हल कमी झाली आणि आत काय आहे माहीत नसेल तर अनोळखी कूलंट ओतण्यापेक्षा थोडं डिस्टिल्ड पाणी टाकलेलं बरं, फक्त गोठवणारी थंडी असेल तर ते तसंच ठेवू नका.

पाण्याचा हिशोब न करणं

हा भाग नीट वाचा. समजा सिस्टिम ८ लिटरची आहे. तुम्ही ३-४ वेळा साध्या पाण्याने फ्लश केलं, शेवटी नळ उघडून ४ लिटर पाणी काढलं. आत अजून ४ लिटर साधं पाणी आहेच. आता तुम्ही रेडीमिक्स, म्हणजे आधीच निम्मं पाणी मिसळलेलं, ५०:५० वालं ४ लिटर ओतलं, टाकी भरली, झाकण लावलं, खूश. प्रत्यक्षात ८ लिटरमध्ये ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य द्रव, गेलं फक्त २ लिटर, म्हणजे २५ टक्के. जिथे उणे ३७ डिग्रीपर्यंत न गोठणारं मिश्रण पाहिजे होतं तिथे उणे १२ च्या आसपासच गोठेल असं झालं, आणि गंजरोधक पण निम्मंच. थंडी नसलेल्या ठिकाणी लोक म्हणतात आम्हाला काय फरक पडतो, पण गंजाचं आणि उकळण्याचं काय? ५०:५० मिश्रण साध्या हवेच्या दाबात १०७ डिग्रीच्या जवळपास उकळतं, आणि १५ पीएसआय, म्हणजे साधारण १ बार, दाब धरणारी रेडिएटरची कॅप नीट असेल तर १२९ पर्यंत जातं, पातळ केलं की हे मार्जिन पण कमी होतं.

म्हणून पाण्याने फ्लश केलं असेल तर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घ्या. आधी मॅन्युअलमध्ये एकूण कपॅसिटी बघा, तिच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट सगळ्यात आधी ओता, वरच्या उदाहरणात ४ लिटर, आणि मग जागा उरली तर डिस्टिल्ड पाणी. निम्मं कॉन्सन्ट्रेट मावतच नाहीये म्हणजे आतलं पाणी पुरेसं निघालेलं नाही, तेव्हा खालचा होज सोडा किंवा ब्लॉकचा ड्रेन प्लग असेल तर तो उघडा. निघालेलं एका मापाच्या बादलीत धरा, जमिनीवर सोडून दिलं तर किती निघालं हे कधीच कळणार नाही. रेडीमिक्स कधी वापरायचं? पाण्याने धुतलंच नाही, नुसतं काढून त्याच जातीचं परत भरतोय, तेव्हा.

उलटी चूक पण होते, कॉन्सन्ट्रेट जितकं जास्त तितकं चांगलं समजून तसंच निव्वळ भरायचं. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १२-१३ डिग्रीलाच गोठतं, आणि उष्णता वाहून न्यायला पाण्यापेक्षा बरंच कमी पडतं, त्यामुळे इंजिन उलट जास्त गरम राहतं. ६० टक्क्यांच्या वर जायची सहसा गरजच नसते.

आणि पाणी कुठलं? धुवायला नळाचं चालेल, पण शेवटचा फ्लश डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्डचाच करा, कारण तेच आत राहणार आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम गरम धातूवर बसतं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये खपली धरते, आणि क्लोराइड ॲल्युमिनियम खातं.

थर्मोस्टॅट बंद असताना फ्लश

थंड इंजिनमध्ये वरून पाणी ओतलं, खालून निघालं, स्वच्छ आलं, झालं फ्लश. नाही झालं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन आणि रेडिएटरमधली तापल्यावर उघडणारी झडप, साधारण ८२ ते ९० डिग्रीला उघडायला लागतो, तोपर्यंत पाणी फक्त रेडिएटरमधून फिरून बाहेर पडतंय, ब्लॉकमधला गाळ जागचा हललेला नाही. प्रत्येक वेळी पाणी भरून, हीटर फुल हॉटवर ठेवून, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, थर्मोस्टॅटकडून रेडिएटरकडे जाणारा होज, बहुतेक गाड्यांत वरचा, गरम झाला की समजा उघडला. मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि मगच काढायचं. वेळ जातो, अर्धा दिवस धरून चाला. नाहीतर थर्मोस्टॅट काढून ठेवून फ्लश करा, जुना असेल तर त्याच निमित्ताने नवीन टाका.

गरम इंजिनची कॅप उघडू नका हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी लोक भाजून घेतात, आत दाब असतो आणि कॅप सैल झाली की १०० डिग्रीच्या वरचं पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी पण ओतू नका, सिलिंडर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, क्रॅक जाऊ शकतो. पाइपाने जोरात प्रेशर मारणं हीटर कोअरला झेपत नाही, सिस्टिम १ बारच्या आसपास दाबासाठी बनवलेली असते, नळाचा दाब त्यापेक्षा जास्त असू शकतो.

केमिकल फ्लशबद्दल माझं मत स्पष्ट आहे, निघालेलं पाणी गंजलेलं, तांबूस असेल तरच वापरा. वापरलं तर डब्यावर दिलेल्या वेळेपुरतंच, आणि नंतर फेस आणि रंग दोन्ही जाईपर्यंत धुवा, कारण राहिलेलं क्लीनर नवीन कूलंटचं गंजरोधक खाऊन टाकतं. भांड्याचा साबण, व्हिनेगर असले घरगुती उपाय करू नका, साबणाने फेस होतो आणि पंप पाण्याऐवजी बुडबुडे ढकलत बसतो, व्हिनेगर ॲल्युमिनियमला लागतं. जुन्या रेडिएटरमध्ये केमिकल टाकल्यावर लीक सुरू झाला तर तो भोक आधीपासूनच होता, गाळाने बुजलेला होता एवढंच.

हवा काढायची राहून जाणं

भरून झालं, लेव्हल मॅक्सवर दिसतेय, म्हणून लगेच लांब निघायचं नाही. भरताना हवा आत अडकते आणि ती सगळ्यात उंच जागी जाऊन बसते, हीटर कोअर किंवा सिलिंडर हेडच्या वरच्या बाजूला. डॅशबोर्डच्या मागे पाणी वाहिल्यासारखा खळखळ आवाज येतो, हीटर कधी गरम कधी गार, काटा अचानक वर चढतो आणि खाली येतो. धोका असा की टेंपरेचर सेन्सर हवेच्या कप्प्यात आला तर तो खोटं सांगतो, काटा नॉर्मल आणि आत हेड तापतंय.

गाडीचं तोंड चढावर करा म्हणजे भरायची जागा सगळ्यात उंच येईल, ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, असेल तर तो सोडा आणि बुडबुडे संपून सलग धार आली की बंद करा. घट्ट बसणारं फनेल असेल तर ते लावून अर्धं भरून ठेवा. इंजिन आयडलवर चालू, हीटर फुल. सुरुवातीला एकेक बुडबुडा येत राहील, मग थर्मोस्टॅट उघडला की फनेलमधलं कूलंट एकदम खाली जातं, घाबरू नका, ओतत राहा. अधूनमधून होज दाबा, त्याने अडकलेली हवा सुटते, हातमोजे घालून आणि फॅनपासून लांब राहून. रेडिएटरचा फॅन २ वेळा चालू होऊन बंद झाला आणि बुडबुडे थांबले की बस. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर लेव्हल बघा, थोडी उतरलेली असणारच, त्याच कूलंटने भरा. नंतरचे काही दिवस पण रोज एक नजर टाका.

पण बुडबुडे थांबतच नसतील, प्रत्येक वेळी गरम झालं की टाकीत येत असतील आणि एक्झॉस्टचा वास येत असेल तर ती भरताना अडकलेली हवा नाही, हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) तपासा. तसंच टाकीत दुधाळ कॉफीसारखा चिकट थर दिसला तर कूलंटमध्ये तेल येतंय, गॅस्केटमधून किंवा ऑइल कूलरमधून. अशा वेळी फ्लशवर फ्लश करत बसण्यात काही हशील नाही, आधी येण्याची वाट बंद करा. लेव्हल हळूहळू उतरतेय आणि खाली थेंब नाही तर केबिनचं कार्पेट ओलं आहे का, काचेवर चिकट धुकं येतं का ते बघा, तो हीटर कोअर. आणि कॅपचं रबर, ते कडक झालं असेल तर दाब धरत नाही. गाडी थंड झाल्यावर होज चपटा होत असेल तर कॅपचा आत हवा घेणारा व्हॉल्व्ह अडकलाय.

ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या वेट स्लीव्ह (ज्यात सिलिंडरच्या लायनरला बाहेरून थेट कूलंट लागतं) डिझेल इंजिनला कारचं कूलंट टाकू नका, तिथे लायनर थरथरून बुडबुडे फुटतात आणि धातूला खड्डे पडतात, त्यासाठी वेगळं ॲडिटिव्ह असलेलं हेवी ड्यूटी कूलंट लागतं. इलेक्ट्रिक गाडीत तर काहींना कमी कंडक्टिव्हिटीचंच कूलंट चालतं, तिथे मॅन्युअलच्या बाहेर जायचंच नाही.

काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका, गटारात सोडू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही त्यांच्या किडन्या जातात, लहान मुलांनाही तोच धोका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं तेल गोळा करणाऱ्यांकडे विचारा. सांडलेलं लगेच पाण्याने धुवा. आणि सगळं झाल्यावर टाकीच्या बाजूला एक पट्टी चिकटवून त्यावर स्पेसिफिकेशन, प्रमाण आणि तारीख लिहा, म्हणजे पुढच्या वेळी टॉपअप करणारा रंग बघून काहीतरी ओतणार नाही.