नाव न सांगता पोलिसांना माहिती कशी द्यायची

बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर काय चालतं हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत असतं, गावाबाहेरच्या कुठल्या शेडमध्ये रात्री गाड्या लागतात हे टपरीवरच्या पोराला पण माहीत असतं, आणि तरी सहा सहा महिने कुणी तोंड उघडत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, कशाला लचांड मागे लावून घ्यायचं, उद्या साक्षीला बोलावतील, परवा तो दारात येऊन उभा राहील. ही भीती अजिबात खोटी नाहीये. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी, जमिनीचे घोटाळे उघडपणे बाहेर काढायचे, 2010 च्या जानेवारीत सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांचा खून झाला. त्यामुळे "घाबरायचं काय त्यात" असं मी कुणाला म्हणणार नाही. पण उघडपणे लढणं वेगळं आणि माहिती पोचवून बाजूला होणं वेगळं, दुसरं काम आपल्यातला कुणीही करू शकतो, फक्त ते कसं करायचं हे नीट माहीत पाहिजे.

आधी हे ठरवा की आत्ता कुणाच्या जिवाला धोका आहे का. मारामारी चालू आहे, घरातून बाईच्या किंचाळण्याचा आवाज येतोय, कुणी पोराला ओढून नेतंय, तर विचार करत बसू नका, 112 लावा. तिथे तुमचा नंबर आणि लोकेशन कंट्रोल रूमला दिसतं हे खरंय, पण तुमचं नाव आरोपीला सांगायला कुणी येत नाही. एक गोष्ट मात्र फोनवरच स्पष्ट सांगा, "माझ्या दारात येऊ नका, थेट तिकडे जा." कारण पत्ता सापडला नाही की गाडीवरचे अंमलदार कॉल करणाऱ्यालाच फोन लावतात किंवा खाली उभं राहून विचारतात फोन कुणी केला म्हणून, आणि तिथेच सगळं उघड होतं. म्हणून पत्ता पहिल्याच कॉलला असा सांगायचा की परत विचारायची वेळच येऊ नये, विंग, मजला, दाराचा रंग, जवळचं दुकान.

तातडीचं नसेल, रोज चाललेलं काहीतरी असेल, तर तुमच्याकडे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे तुम्ही कोण हे कुणालाच कळू न देणं. दुसरा म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याला सांगणं आणि नाव त्याच्यापाशीच ठेवणं. दुसऱ्याला लोक घाबरतात पण कायदा इथे तुमच्या बाजूला आहे. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 131 सांगतं की गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही, आणि माहिती अधिकारात अर्ज टाकून पण तुमचं नाव काढता येत नाही, कारण त्या कायद्याच्या कलम 8(1)(छ) मध्ये, म्हणजे इंग्रजीतल्या 8(1)(g) मध्ये, गोपनीय माहिती देणाऱ्याची ओळख उघड होईल अशी माहिती न देण्याची सूट आहे. छाप्याचे कागद कधी वाचले असतील तर एक वाक्य हमखास दिसतं, "गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली." तुमच्याबद्दल कागदावर एवढंच येतं. पुढे छाप्यात काही सापडलं की पोलीसच सरकारतर्फे फिर्याद देतात, म्हणजे फिर्यादी एखादा हवालदार किंवा फौजदार असतो, तुम्ही नसता.

आता हे पण समजून घ्या की निनावी माहिती म्हणजे एफआयआर नव्हे. एफआयआरला देणाऱ्याची सही लागते, ऑनलाईन दिली तरी तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. निनावी खबरीवरून पोलीस आधी खात्री करतात, नजर ठेवतात, मग कारवाई. म्हणून तुम्ही स्वतः पीडित असाल किंवा खून डोळ्यांनी बघणारे एकटेच असाल तर निनावी राहून केस कोर्टात टिकवणं अवघड आहे, तिथे वकिलाशी बोला आणि साक्षीदार संरक्षणाची मागणी करा, महाराष्ट्रात त्यासाठी 2017 चा स्वतंत्र कायदा आहे.

कुठे सांगायचं? ड्रग्जसाठी 1933, ही एनसीबीची, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाची, मानस हेल्पलाईन, 2024 च्या जुलैत सुरू झाली, देशभर चालते, म्हणजे गोव्यात, बेळगावात, इंदूरला असाल तरी हाच नंबर, आणि ओळख न देता माहिती देता येते. लहान मुलांबाबत काहीही असलं, मारहाण, बालमजुरी, बालविवाह, तर 1098. बालविवाहात गावाकडे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तेच प्रतिबंध अधिकारी असतात, पण ते गावातल्या दबावात असतील असं वाटलं तर थेट 1098 च बरा. आणि हळदीच्या दिवशी फोन करण्यापेक्षा पत्रिका हातात आली की लगेच करा, म्हणजे कोर्टाकडून मनाईहुकूम आणायला वेळ मिळतो. शेजारच्या घरात बाईचा छळ चाललाय तर 181. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 4 नुसार कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, चांगल्या हेतूने कळवलं तर तुमच्यावर दिवाणी-फौजदारी काहीच येत नाही, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त माणसं गप्प बसतात ती इथेच, घरगुती मामला म्हणून. तो घरगुती मामला नाहीये.

लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल तर गप्प बसण्याचा पर्यायच नाही, पोक्सोच्या, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्याच्या, कलम 19 प्रमाणे माहीत असलेल्या प्रत्येकाने कळवायचंच आहे, न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. बदलापूरची 2024 ची घटना झाल्यावर शाळांमध्ये तक्रारपेटी पाहिजेच असं सरकारने परत बजावलं, तर पालकांनी एकदा जाऊन बघा पेटी कुठे लावलीय, मुख्याध्यापकांच्या केबिनसमोर सगळ्यांच्या डोळ्यादेखत असेल तर पोरं त्यात कधीच चिठ्ठी टाकणार नाहीत, ती हलवायला लावा. ऑनलाईन असं काही दिसलं तर नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर महिला-बालकांविषयीच्या भागात नाव न देता तक्रार करायची सोय आहे. तिथे लिंक द्या, प्रोफाईलचं नाव द्या, पण तो व्हिडिओ डाऊनलोड करून कुणाला "बघा काय चाललंय" म्हणून फॉरवर्ड करू नका, मुलांचं असं काही बाळगणं आणि पाठवणं हा स्वतःच आयटी कायद्याच्या 67ब खाली गुन्हा आहे, चांगल्या मनाने केलं तरी अंगाशी येऊ शकतं.

लाचेसाठी 1064. पण सापळा लावायचा असेल तर लाच मागितलेला माणूस तक्रारदार म्हणून पुढे यावाच लागतो, निनावी फोनवर सापळा लागत नाही. बेहिशेबी मालमत्तेची माहिती मात्र नाव न देता पण देता येते. केंद्र सरकारच्या ऑफिसातला किंवा सरकारी बँकेतला घोटाळा आतून माहीत असेल तर केंद्रीय दक्षता आयोगाकडे वेगळी पद्धत आहे, बंद पाकीट, त्यावर फक्त "पीआयडीपीआय" (PIDPI, त्या पद्धतीचं इंग्रजी लघुनाव) लिहायचं, पाकिटावर तुमचं नाव-पत्ता नाही, नाव आत. ते निनावी पत्र घेत नाहीत पण नाव गुप्त ठेवतात. ही पद्धत 2004 मध्ये आली ती इंजिनिअर सत्येंद्र दुबे यांच्या खुनानंतर, त्यांनी रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराचं पत्र नाव गुप्त ठेवा म्हणून लिहिलं होतं आणि तरी ते नाव फुटलं.

गावातले पोलीस पाटील किंवा ठाण्यातलं कुणी आरोपीच्या उठण्या-बसण्यातलं असेल तर तिथे जाऊच नका. एसपी ऑफिसला, स्थानिक गुन्हे शाखेला किंवा शहरात आयुक्तालयाला साधं पत्र टाका. पत्र हे अजूनही सगळ्यात सुरक्षित साधन आहे, दुसऱ्या गावच्या पोस्टातून टाकलं तर अजून बरं.

आता खरी गोष्ट, लिहायचं काय. "आमच्या एरियात ड्रग्जचा सुळसुळाट झालाय, पोलीस काय करतायत" हे वाचून कुणीही काही करू शकत नाही. हे बघा:

"एमआयडीसीच्या मागच्या रोडला वजनकाट्याच्या पुढे डावीकडे निळ्या पत्र्याचं शेड, गेटवर पाटी नाही. दिवसा बाहेरून कुलूप. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री अकरानंतर आत लाईट, डोळे चुरचुरतील असा केमिकलचा वास. पहाटे चारच्या आत पांढरा टेम्पो येतो, मागच्या दाराला पोचा. आत तीन-चार माणसं, शेजारच्या टपरीवर चहा घेत नाहीत, डबा बाहेरून येतो. टेम्पो आणि वास मी स्वतः अनुभवलाय, आत काय आहे ते बघितलेलं नाही."

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. काय डोळ्यांनी बघितलं, काय ऐकलं आणि काय अंदाज, हे वेगळं लिहिलं की अधिकाऱ्याला खबरीचं वजन कळतं. वार आणि वेळ दिली की त्यांना नजर कधी ठेवायची ते समजतं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकजवळ शिंदे गावात आणि 2024 च्या फेब्रुवारीत दौंडच्या कुरकुंभ एमआयडीसीत एमडीचे, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगचे, कारखाने उघडकीस आले, बाहेरून साध्या शेडसारख्या दिसणाऱ्या जागा, त्यामुळे असला वास येत असेल तर "आपल्याला काय" म्हणू नका. ड्रग्जच्या माहितीत अजून एक आहे, एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, कलम 42 प्रमाणे मिळालेली खबर अधिकाऱ्याला लिहून काढून 72 तासांत वरिष्ठांना पाठवावी लागते, म्हणून गोल गोल बोलू नका, लिहून घेता येईल असं सांगा.

नाव फुटतं कसं ते पण बघा. बहुतेक वेळा ते आपल्याच तोंडून फुटतं, मेहुण्याला सांगितलं, त्याने ग्रुपवर टाकलं, झालं. बायकोला-नवऱ्याला सुद्धा कारवाई होईपर्यंत सांगू नका. दुसरं म्हणजे फोटो. तुमच्या खिडकीतून काढलेला फोटो बघितला की कोनावरून कुठल्या मजल्यावरून काढलाय ते शेंबडं पोर सांगेल, आणि मूळ फाईल मेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर त्यात लोकेशन आणि वेळ पण जाते, म्हणून गरज असेल तरच पाठवा आणि स्क्रीनशॉट काढून पाठवा. व्हॉट्सअॅपवर नंबर जातोच, तो मार्ग नाव गुप्त ठेवा म्हणून सांगायला ठीक, पूर्ण निनावी राहायला नाही. पत्रात "आमच्या शेजारी", "माझ्या दुकानासमोर" असं लिहू नका, आणि जी गोष्ट फक्त तुम्हालाच माहीत आहे ती तर टाळाच, भले त्याने खबर थोडी कमी पक्की झाली तरी चालेल.

स्वतः आत जाऊन बघणं, गिऱ्हाईक बनून जाणं, व्हिडिओ काढायला मागे लागणं, हे काही करायचं नाही. आणि भावकीच्या भांडणातून, पार्किंगच्या रागातून कुणाचं नाव खोटं द्यायचं नाही, न्याय संहितेच्या कलम 217 मध्ये एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, शिवाय त्या खोट्या खबरीमागे जी गाडी जाते ती दुसऱ्या कुणाला तरी त्या वेळी मिळत नाही.

खबर दिल्यावर दुसऱ्या दिवशी धाड पडेल असं समजू नका. खात्री करायला आठवडे जातात, कधी मोठा मासा लागावा म्हणून मुद्दाम थांबतात. त्या काळात तुम्ही रोज जसे वागता तसेच वागा, गॅलरीत जास्त वेळ उभं राहायला लागू नका. तीनेक आठवड्यांत काहीच हललं नाही तर नवीन तपशील घालून परत पाठवा, या वेळी एक पायरी वर, म्हणजे ठाण्याला दिली होती तर एसपींना, आणि आधी कधी व कुठे कळवलं होतं ती तारीख त्यात लिहा.