घरच्या ओव्हनमध्ये डच बोटरकूक आणि स्पेकुलास

डच गोड पदार्थ घरी करायचे तर सुरुवात बोटरकूकपासून, म्हणजे बटरच्या दाट, चपट्या केकपासून करावी. जिन्नस मोजके, बीटरची गरज नाही, पीठ फुगवायचे नाही. तरीही तो बिघडतो, आणि बहुतेक वेळा एकाच कारणाने: ओव्हनमधून उशिरा काढल्यामुळे.

बोटरकूक

२० ते २२ सेंटिमीटर व्यासाच्या टिनसाठी मैदा २५० ग्रॅम, बटर २०० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, एक अंडे, एका लिंबाची किसलेली साल आणि चिमूटभर मीठ घ्या. बटर खारे असेल तर मीठ वगळा. वजन करूनच घ्या. वाटीने मोजताना मैदा दाबून भरला जातो आणि केक कोरडा होतो.

आपली जाड साखर या पिठात विरघळत नाही, दाताखाली येते. मिक्सरमध्ये फिरवून ती बारीक करा, पण पिठी करू नका. बटर बोटाने दाबल्यावर खड्डा पडेल इतके मऊ हवे. वितळलेले घातले तर केक तुपकट होतो. घरच्या लोण्यात पाण्याचे प्रमाण कमी-जास्त असते, म्हणून ते टाळा. तूपही नको: तुपात केला तर नानखटाईसारखा भुसभुशीत होतो, आणि बोटरकूकची सगळी मजा त्याच्या आतल्या दाट, ओलसर मऊपणात आहे.

अंडे फेटून अर्धे पिठासाठी घ्या, अर्धे वरून लावायला ठेवा. अख्खे घातले तर पोत साध्या केककडे झुकतो. बटर, साखर, लिंबाची साल आणि अर्धे अंडे लाकडी चमच्याने एकजीव करा. मग मैदा घालून गोळा जमेपर्यंतच मिसळा. मळत बसलात तर केक चिवट होतो. उन्हाळ्यात गोळा हाताला चिकटू लागला तर वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा.

टिनला बटर लावून तळाशी बटर पेपर घाला आणि पीठ बोटांनी दाबून सारखे पसरा. थर दीड ते दोन सेंटिमीटरचा होईल. वरून अंडे लावा, काट्याने तिरक्या रेघा ओढून चौकटी पाडा. तापलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर (पंखा चालू असेल तर १६५) साधारण २५ मिनिटे भाजा.

शेवटची पाच मिनिटे ओव्हनसमोरून हलू नका. कडा सोनेरी झाल्या, पण मध्ये बोट टेकवल्यावर अजून मऊ लागते, तेव्हाच काढायचा. सुरी खुपसून पाहण्याचा इथे उपयोग नाही. ती कोरडी निघाली म्हणजे उशीर झालाच. गार होताना बटर घट्ट होते आणि केक आपोआप आळतो. टिनमध्येच किमान दोन तास राहू द्या, नाहीतर काढताना तुटेल. दुसऱ्या दिवशी तो आणखी चांगला लागतो. तुकडे लहानच कापा.

डच ज्यू घरांत यात पाकात मुरवलेल्या आल्याचे तुकडे घालतात. ५० ते ७५ ग्रॅम पुरतात. पाक नीट निथळून घ्या. लोण्याच्या गोडव्याला आल्याचा तिखटपणा फार छान तोलतो.

स्पेकुलास

५ डिसेंबरच्या सिंटरक्लासच्या (संत निकोलसच्या) डच सणाची ही मसालेदार बिस्किटे. मसाल्यासाठी दालचिनीपूड ४ चमचे, लवंगपूड आणि जायफळपूड प्रत्येकी १ चमचा, सुंठ, वेलची आणि पांढरी मिरी प्रत्येकी अर्धा चमचा. मसाला ताजाच दळा. लवंग-जायफळ डच ईस्ट इंडिया कंपनीने आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरून आणले. त्याच कंपनीची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यातही होती.

मैदा २५० ग्रॅम, थंड बटर १५०, गडद ब्राउन शुगर १२५, या मसाल्याचा एक मोठा चमचा, चिमूटभर मीठ आणि दोन मोठे चमचे दूध. बटर मैद्यात चोळून गोळा करा आणि झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. तेवढ्या वेळात मसाला पिठात मुरतो आणि गोळा लाटण्याजोगा घट्ट होतो.

लाकडी साच्यावर तांदळाची पिठी भुरभुरा, पीठ दाबून भरा, जास्तीचे सुरीने कापा आणि साचा आपटून बिस्किट काढा. बेकिंग पावडर घातली तर नक्षी पुसट होते. साचा नसेल तर अर्धा सेंटिमीटर जाड लाटून कापा. १७० अंशांवर १५ ते २० मिनिटे लागतात. बाहेर काढताना ती मऊ असतात, गार झाल्यावर कडक होतात. दमट हवेत नरम पडली तर १५० अंशांवर पाच मिनिटे पुन्हा भाजून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.