कुरडई: मंगळवारचा गहू, शनिवारचा चीक

कुरडया घालायचा दिवस आधी ठरवायचा आणि तिथून उलटं मोजत यायचं. शनिवारी सकाळी सोऱ्या हातात घ्यायचा असेल, तर गहू मंगळवारी सकाळीच भिजत पडला पाहिजे. बुधवारी आणि गुरुवारी पाणी बदलायचं, शुक्रवारी वाटायचं, रात्रभर चीक, म्हणजे गव्हाचं पांढरं सत्त्व, बसू द्यायचा आणि शनिवारी उजाडताच शिजवायला घ्यायचा. वळवाच्या सरी सुरू होण्याआधी हे सगळं उरकलेलं बरं. ऐन वाळवणावर आभाळ भरून आलं की चार दिवसांची मेहनत पंख्याखाली पसरून बसावं लागतं.

पहिल्यांदा करत असाल तर एक किलोच गहू घ्या. पाच किलोच्या घाटाला चार माणसं, मोठी गच्ची आणि हुकमी हात लागतो. एक किलोत साधारण अर्धा किलोच्या आसपास कुरडया होतात. वाटण आणि गाळण कशी झाली, त्यावर थोडं कमीजास्त.

गहू आणि त्याचं भिजणं

लोकवन चालतो. खपली मिळाला तर तोही उत्तम. किडलेले, फुटके दाणे निवडून काढा, कारण तेच आधी कुजतात आणि सगळ्या पाण्याला वास लावतात. साठवणीसाठी एरंडेल लावलेला गहू असेल तर कोमट पाण्यात चोळून दोनदा धुवा. मग दाण्यांच्या वर चार बोटं पाणी राहील इतकं पाणी घालून, जाळीचं झाकण ठेवून सावलीत ठेवा.

रोज सकाळी जुनं पाणी पूर्ण ओतून गहू हाताने हलवून धुवायचा आणि ताजं पाणी घालायचं. उन्हाळ्यात तीन दिवस पुरतात, हवा गार असेल तर चौथा लागतो. या मुदतीत दाणा थोडा आंबतो, आतून सैल होतो आणि पांढरा पिठूळ भाग कोंड्यापासून सुटायला लागतो. दाणा दोन बोटांत दाबून बघा: दुधासारखं पांढरं बाहेर आलं आणि हातात नुसतं साल उरलं की गहू तयार. मधे कणी लागली तर अजून एक दिवस. आंबूस वास येणारच, त्याला घाबरू नका. कुजका वास येऊन पाणी तारेसारखं चिकट झालं, तर मात्र पाणी बदलायचं राहिलेलं असतं. तो गहू टाकून द्यावा.

वाटायचं किती, गाळायचं किती

मिक्सरमध्ये एका वेळी दोन वाट्या गहू, तेवढंच पाणी, आणि थांबून थांबून फिरवा. इथे हौस आवरायची. गंधासारखं बारीक वाटलं की कोंडाही बारीक होतो, फडक्यातून खाली उतरतो आणि कुरडई काळपट होते. दाणा फुटून साल वेगळं झालं की पुरे. वाटलेलं आधी चाळणीतून काढा. चोथ्यात पुन्हा पाणी घालून हाताने चांगला मळा, पिळा, आणि हे पाणी पांढरं येतंय तोवर, साधारण तीन वेळा, करा. शेवटी सगळं सुती पातळ फडक्यातून पुन्हा गाळून उभट पातेल्यात ठेवा. उभट एवढ्यासाठी, की पसरट भांड्यात वरचं पाणी ओतताना चीक हलतो.

आठ-दहा तासांत चीक तळाशी घट्ट बसतो. वरची पिवळसर निवळ अलगद ओतून काढा. झाडांना घालायला ती चांगली. चिकावर एक करडा, बुळबुळीत थर दिसेल. पांढऱ्याशुभ्र कुरडया हव्या असतील तर तो पळीने खरवडून बाजूला घ्या, चोथ्याच्या पापड्यांत तो कामाला येतो. रोजच्या खाण्यासाठी करत असाल तर राहू दिला तरी बिघडत नाही, रंग किंचित मातकट येतो इतकंच. पांढऱ्या रंगासाठी तुरटी घालायची जुनी पद्धत आहे, पण निवळ नीट काढली तर तिची गरज पडत नाही.

चीक शिजवणं

सगळ्या कुरडईचं नशीब या अर्ध्या तासात ठरतं, त्यामुळे फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेला बरा.

तळाचा चीक हाताने मोडून एकसारखा करा आणि भांड्याने मोजा. तितकंच पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळत ठेवा. चीक फार घट्ट, थापीसारखा असेल तर पाणी सव्वापट. एक किलो गव्हाच्या चिकाला दीड चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा हिंग आणि एक चमचा तेल उकळत्या पाण्यात जाऊ द्या. मीठ चाखून बघताना चीक थोडा अळणीच लागायला हवा. पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं, आणि आज बरोबर वाटलेली चव तळल्यावर खारट होते.

पाणी खळखळ उकळलं की आच मध्यम करा. एकाने चीक बारीक धारेने ओतायचा, दुसऱ्याने लाटण्याने किंवा लाकडी दांड्याने एकाच दिशेने जोरात घाटायचं. ओतायच्या आधी चीक पुन्हा ढवळून घ्यायला विसरू नका, तो मिनिटभरात खाली बसतो. एकटे असाल तर आच बंद करून ओता, सगळा मिसळला की पुन्हा पेटवा. गुठळ्या होतात त्या इथेच: चीक एकदम पडला की गोळ्याचं बाहेरचं अंग लगेच शिजतं आणि आत कच्चं पीठ कोंडलं जातं. अशी गुठळी नंतर कितीही घोटली तरी सुटत नाही आणि सोऱ्याच्या भोकात नेमकी अडकते.

मिश्रण घट्ट होऊन पातेल्याच्या कडा सोडायला लागलं की आच अगदी मंद करा, पातेल्याखाली तवा सरकवा, झाकण ठेवून दहा मिनिटं वाफ काढा. एकदा तळापासून ढवळा आणि पुन्हा पाच-सात मिनिटं वाफवा. कच्चा चीक पांढरा आणि पिठूळ दिसतो. शिजलेला चकाकतो, काचेसारखा अर्धपारदर्शक होतो, आणि ओल्या बोटाला चिकटत नाही.

आता सोऱ्या भरायच्या आधी वाट्या काढा. गरम चीक वाटीत घेऊन त्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि चिमूटभर तिखट, किंवा दूध-साखर, किंवा तूप-गूळ. पातेल्याभोवती जमलेल्या मंडळींना हा वाटा मिळालाच पाहिजे. वाळवणाला मदत करायला माणसं येतात ती बरीचशी यासाठीच, म्हणून एक वाटी गहू हिशोबात जास्तच धरावा.

घालणं आणि वाळवणं

सोऱ्याला आतून तेलाचा हात लावा, शेवेची मधल्या भोकांची चकती बसवा. फार बारीक चकतीची कुरडई वाळताना मोडते, जाड चकतीची आतून लवकर वाळत नाही. चीक गरम असतानाच भरा, पातेलं झाकून ठेवा. गार झाला की तो रबरासारखा होतो, हात दुखून येतात आणि तार तुटते. स्वच्छ प्लास्टिकवर तळहाताएवढे, दोन-तीन वेढ्यांचे गोल घाला. वेढे एकावर एक दाट रचले की मधे ओल राहते.

तार गरम चिकाचीही तुटत असेल तर चीक कच्चा राहिलाय, पाण्याचा हात मारून पुन्हा वाफ द्या. तार पडल्यावर पसरून चपटी होत असेल तर पाणी जास्त झालंय. थोडा वेळ उघड्या पातेल्यात मंद आचेवर घाटून बघा.

रुखवतात मांडायला रंगीत कुरडया करायच्या असतील तर शिजलेल्या चिकाचा थोडा भाग काढून त्यात खायचा रंग अगदी थेंबभर मिसळा. वाळताना रंग गडद होतो आणि तळल्यावर फुलून पुन्हा फिका पडतो, तेव्हा कशासाठी करताय ते बघून प्रमाण ठरवा.

पहिल्या दिवशी कुरडयांना हात लावू नका. दुपारी चारच्या सुमाराला वरून कोरड्या, आतून चिवट अशा अर्धवाळल्या कुरडया होतात, आणि त्यातल्या डझनभर तरी पोरं पळवतात. तेवढ्या जाऊ द्याव्यात. संध्याकाळी बाकीच्या हळूच सोडवून उलटा. ओढून काढावी लागली तर अजून वेळ आहे असं समजा. रात्री आत घ्या, दव लागू देऊ नका. पुढचे दोन-तीन दिवस परातीत कडक ऊन द्या, वर पातळ ओढणी बांधा. गच्ची नसेल तर ऊन येणाऱ्या गॅलरीत जाळीच्या चौकटीवर वाळतात, फक्त दिवस जास्त लागतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पाचवा दिवसही धरून चाला.

मोडल्यावर कट्कन आवाज आला आणि तुटलेल्या जागी ओलसर ठिपका नसला की वाळली. उन्हातून काढल्या काढल्या डब्यात भरू नका, आतल्या उष्णतेने झाकणाला वाफ धरते. तास-दोन तास गार होऊ द्या. पावसाळ्याआधी एकदा आणि गणपतीनंतर ऊन पडलं की पुन्हा एकदा ऊन दाखवलं, तर वर्षभर कीड लागत नाही.

तळताना तेल चांगलं तापलेलं हवं. तुकडा टाकला की लगेच वर येऊन फुलायला हवा. कुरडईत उरलेल्या किंचित ओलीची वाफ झटक्यात होते आणि तीच तिला फुलवते. तेल कोमट असलं की वाफ हळूहळू निघून जाते, कुरडई कडक आणि तेलकट राहते. एका वेळी एकच घाला, झाऱ्याने हलकं दाबा, उलटा, काढा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस-पुरणपोळीच्या ताटात मानाने बसते ती हीच. मोडलेल्या कुरडयांचा चुरा गरम पाण्यात भिजवून निथळायचा आणि कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचा. डब्याला द्यायला ही भाजी नेहमीच्या उसळीपेक्षा बरी.

आणि चोथा फेकू नका. दोन वाट्या चोथा, बाजूला काढलेला करडा चीक अर्धी वाटी, लसूण-हिरवी मिरची-जिऱ्याचं वाटण, मीठ, वाटीभर पाणी. सगळं घट्ट होईपर्यंत शिजवून ओल्या हाताने पातळ पापड्या थापायच्या. कोंड्यामुळे या कुरडईइतक्या फुलत नाहीत, पण खमंग लागतात. जाड थापल्या की तळताना मधे कच्च्या राहतात, एवढंच सांभाळा.